नॅस नोंदवही : अपग्रेडच्या आधीची आवराआवर

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारा डबा. त्याच्या सिस्टमचं नवं मेजर व्हर्जन चढवायचं की नाही, हा घोळ अखेर मिटला. चढवायचं. पण त्याआधी त्यावरच्या सगळ्या सोयी बाहेर काढायच्या. नॅसने यापुढे फक्त फाइली सांभाळायच्या. व्हिडिओ, फोटो, स्मार्ट दिवे वगैरे सगळा संसार शेजारच्या मिनी पीसीवर. माझा डबा कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर बोलणं ब्रँडवरच अडकतं.

रिलीज नोट्स वाचायची माझी पद्धत आता उलटी झालीये. 'नवीन काय' हा भाग मी वाचतच नाही. थेट खाली जाऊन 'काढून टाकले', 'यापुढे चालणार नाही', 'कृपया पर्यायी पॅकेज वापरा' असल्या ओळी शोधतो. त्यांच्याच आसपास 'या अपडेटनंतर मागील आवृत्तीवर परतता येणार नाही' हेही लिहिलेलं असतं. या दोन ओळी एकत्र दिसल्या की बटणाला हात लावायचा नाही.

ही एकाच कंपनीची खोड नाही. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने २०२१ मध्ये आपल्या सिस्टमचं नवं व्हर्जन, डीएसएम ७, आणलं तेव्हा यूएसबीचे वायफाय आणि ब्लूटूथ डोंगल, टीव्ही ट्यूनर यांचा आधार काढला. फोटो स्टेशन आणि मोमेंट्स ही फोटोंची ॲप्स जाऊन सिनॉलॉजी फोटोज आलं, पण मोमेंट्समध्ये असलेली चित्रातल्या वस्तू ओळखायची सोय त्यात नव्हती. मग ऑगस्ट २०२४ मध्ये डीएसएम ७.२.२ आलं आणि व्हिडिओ स्टेशन गेलं. त्यासोबत सर्व्हरवर एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ पद्धतीने आवळलेला व्हिडिओ उलगडण्याची व्यवस्थाही गेली. हौशी लोकांची लाडकी मुक्त स्रोत नॅस सिस्टम ट्रूनॅसही यातून सुटलेली नाही. २४.१० मध्ये ॲप्स चालवायची कुबरनेटीस ही व्यवस्था काढून डॉकर आणलं (यात प्रत्येक ॲप 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतं). निर्णय चांगलाच होता, पण ट्रूचार्ट्स या बाहेरच्या भांडारातली ॲप्स आपोआप पलीकडे आली नाहीत. पुढे एप्रिल २०२५ च्या २५.०४ मध्ये व्हर्च्युअल मशीनची जुनी व्यवस्था बदलून इन्कस ही नवी आणली, आणि ओरड झाल्यावर त्याच मालिकेत जुनी पद्धत परत आणली. मुक्त स्रोत असलं म्हणजे पायाखालची सतरंजी ओढली जात नाही असं नाही. फरक इतकाच की ओढणारा तिथे जरा लवकर ऐकतो.

'मग अपग्रेडच करू नका' हा सल्ला मला नेहमी मिळतो. तो मला पटत नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हचे मालक सकाळी उठले तेव्हा अनेकांचे डबे रिकामे होते. कोणीतरी इंटरनेटवरून फॅक्टरी रीसेट मारला होता, आणि त्या डब्यांना २०१५ नंतर अपडेटच मिळालं नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅपच्या डब्यांवर डेडबोल्ट हा फाइली कुलूपबंद करणारा खंडणीखोर प्रोग्रॅम येऊन बसला. त्यामुळे सुरक्षेचे पॅच हवेतच. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर पॅच आणि कपात एकाच पुडीत बांधून येतात. माझी खरी तक्रार इथे आहे. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याच्या पद्धतीच्या, पेटंटचा खर्च होतो हे मान्य, एच.२६५ ची पेटंट एका घराण्याकडे नाहीत, वेगवेगळे गट वेगवेगळी वसुली करतात. पण विकताना खोक्यावर छापलेली गोष्ट विकून झाल्यावर काढायची, आणि नाही म्हणशील तर सुरक्षेचे पॅचही विसर, हे कुठलं गणित?

असो. कामाचं बोलू.

सगळ्यात जास्त वेळ व्हिडिओने खाल्ला. 'हल्लीचे फोन आणि टीव्ही स्वतःच एचईव्हीसी वाचतात, सर्व्हरला कशाला त्रास' हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. नवा टीव्ही घरच्या तारेवर असेल तर ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ सर्व्हरवर दुसऱ्या रूपात बदलणं) लागतच नाही. पण जुना टीव्ही, कोडेक न वाचणारा ब्राउझर, बाहेरगावाहून मंद नेटवर बघणं, किंवा चित्रात भाजून टाकावी लागणारी ब्लू-रेची सबटायटल्स, यातलं एक जरी आलं तरी सर्व्हरलाच राबावं लागतं. मिनी पीसी निवडताना म्हणूनच इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओचं काम चिपमध्येच करायची सोय, बघितलं. दहा बिटांचं एचईव्हीसी सातव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून चिपमध्येच उलगडतं. इंटेलचाच एन१०० घेतला तर एव्ही१ हा नवा कोडेक सुद्धा. जाता जाता: नॅसचं नवं मॉडेल घेऊन हा प्रश्न सुटेलच असं नाही. सिनॉलॉजीच्या डीएस९२०+ मध्ये ग्राफिक्स असलेला सेलेरॉन होता, त्याच्या जागी आलेल्या डीएस९२३+ मधल्या रायझनला ग्राफिक्सच नाही.

मिनी पीसीवर जेलीफिन हे व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर, डॉकरमध्ये. (जेलीफिन हेही असल्याच प्रकारातून जन्मलं: एम्बी या तसल्याच सॉफ्टवेअरने स्रोत बंद केला म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये फुटून निघालेलं.) कंटेनरला ग्राफिक्सचा रेंडर नोड (चिपपर्यंत पोचायची वाट) द्यायचा आणि रेंडर ग्रुपचा क्रमांक होस्टवरून बघून तोच घालायचा. दुसऱ्याच्या फाइलमधून उचललेला क्रमांक चालत नाही, कारण तो प्रत्येक मशीनवर वेगळा असू शकतो. मग व्हीएइन्फो (चिप काय उलगडू शकते ते सांगणारी आज्ञा) चालवून यादीत 'एचईव्हीसी मेन १०' दिसतंय ना ते बघायचं. ते दिसलं, एक फोर-के फाइल मुद्दाम कमी बिटरेटवर लावली, आणि प्रोसेसर जवळजवळ निवांत. इथवर सरळ आहे.

खरी गंमत एनएफएसची, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून जोडायच्या (माउंट करायच्या) पद्धतीची. फाइली नॅसवर, जेलीफिन दुसरीकडे, मध्ये एनएफएस माउंट. यात तीन गोष्टी कोणी आधी सांगत नाही. नॅसवर नवी फाइल पडली तर जेलीफिनला आपोआप कळत नाही. लिनक्सची आयनोटिफाय सूचना दुसऱ्या मशीनवर झालेला बदल पाहू शकत नाही. म्हणून ठरावीक वेळेचं स्कॅन लावलं. जेलीफिनचा स्वतःचा डेटाबेस एसक्यूलाइटचा आहे, तो एनएफएसवर अजिबात ठेवायचा नाही. लॉकिंगची भानगड होते आणि फाइल बिघडू शकते, म्हणून तो मिनी पीसीच्या एसएसडीवर. तिसरी सगळ्यात वाईट: वीज गेली, मिनी पीसी नॅसच्या आधी उठला, माउंट झालंच नाही, तर कंटेनरला रिकामं फोल्डर दिसतं. तेवढ्यात स्कॅन चाललं की लायब्ररीतल्या नोंदी साफ होऊ शकतात, त्यांच्याबरोबर हाताने केलेली सजावटही. उपाय म्हणून सिस्टमडीला (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारा भाग) सांगून ठेवलंय: माउंट असेल तरच कंटेनर उठव. शिवाय माउंट फक्त वाचण्यापुरतं, म्हणजे काहीही झालं तरी मूळ फाइलींना धक्का नाही.

फोटो त्यामानाने पटकन झाले. इमिच हे फोटोंचं सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ मध्ये २.० होऊन स्थिर म्हणून जाहीर झालं, त्यामुळे आता धीर आला. जुनं फोटो फोल्डर 'बाह्य लायब्ररी' म्हणून जोडलं, हलवाहलव नाही. पहिल्यांदा चेहरे आणि आशय वाचायला मिनी पीसीला बराच घाम फुटला, पण आता 'पावसात छत्री' असं काही शोधलं तर खरंच तसले फोटो येतात. शोध इंग्रजीत जास्त अचूक लागतो. मराठीसाठी बहुभाषिक मॉडेल निवडावं लागतं, आणि ते बदललं की सगळे फोटो पुन्हा वाचावे लागतात. ते रात्रीवर सोडलं. आयफोनच्या एचईआयसी फोटोंच्या लघुप्रतिमाही इथेच तयार होतात, म्हणजे तीही चिंता मिटली.

स्कॅनर. जुना बहुउपयोगी प्रिंटर थेट नॅसच्या फोल्डरमध्ये स्कॅन टाकायचा, तो एसएमबी१ या फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीने. नव्या व्हर्जनमध्ये एसएमबी१ नाही. यावर मात्र मी कंपनीच्या बाजूने आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच दारातून शिरला होता, सांबा या एसएमबीच्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरनेही २०१९ च्या ४.११ पासून ते मुळात बंद ठेवलंय. प्रत्येक कपातीवर ओरडलं तर खऱ्या तक्रारीला किंमत राहत नाही. प्रिंटरला एफटीपी येतं, म्हणून मिनी पीसीवर एक छोटा एफटीपी कंटेनर, एकच फोल्डर, आणि राउटरवर त्या प्रिंटरला बाहेरचं इंटरनेट बंद. आलेली फाइल एक स्क्रिप्ट नॅसवर सरकवते.

स्मार्ट दिव्यांशी बोलणारं झिगबी डोंगल नॅसमधून उपटून मिनी पीसीत लावलं. यूएसबी ३ च्या पोर्टजवळ सिग्नलला त्रास होतो, म्हणून एक्स्टेन्शन वायरवर लांब ठेवलंय. बाकी सांगण्यासारखं काही नाही, दिवे लागतात.

हे सगळं जुन्या व्हर्जनवर असतानाच नॅसमधली मूळ पॅकेजेस बंद करून ठेवली, काढली नाहीत. घरातून कोणाची ओरड येते का ते बघायचं होतं. आली ती फक्त टीव्हीवरच्या ॲपच्या रंगाबद्दल. मग सेटिंग्जची निर्यात, वेगळ्या डिस्कवर बॅकअप, त्यातल्या काही फाइली खरोखर उघडून बघणं, आणि अपग्रेड. नॅस परत उठला. मेनूतून तीन चिन्हं गायब, ज्यांची आता गरज नव्हती. एनएफएसचे नियम शाबूत होते. फक्त यूजर मॅपिंग (बाहेरच्या मशीनला कोणत्या यूजरच्या नावाने फाइली दिसतात ते) बदलून बसलं होतं, म्हणून इमिचला सुरुवातीला परवानगी नाकारली गेली. नॅसवर त्या शेअरचं मॅपिंग पुन्हा निवडल्यावर चालू.

डॉकरच्या फाइलीत कुठेही 'लेटेस्ट' लिहिलेलं नाही, प्रत्येक इमेजचा नेमका आकडा आहे. नाहीतर नॅसच्या अपग्रेडला घाबरून इथे इमेज नव्याने उतरवताना आपणच नकळत अपग्रेड करत बसायचो.

राहिलेलं काम: मिनी पीसीवरच्या कॉन्फिग आणि डेटाबेसचा बॅकअप रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने उलट नॅसवर टाकायचा आहे. इमिचचा पोस्टग्रेस डेटाबेस चालू असताना नुसतं फोल्डर उचलून भागत नाही, आधी डम्प (डेटाबेसची निर्यात) काढावा लागतो. ती स्क्रिप्ट अर्धी लिहून झालीये. यूपीएस अजून नॅसलाच जोडलेला आहे. वीज गेली की मिनी पीसीने आधी झोपायचं आणि नॅसने नंतर, हा क्रम नट या यूपीएस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बसवायचाय. कोणी दोन मशीनवर नट नीट चालवलं असेल तर शटडाउनच्या मधलं अंतर किती ठेवलंय ते सांगा.