यंदा लेकरू काय शिकणार?

बुधवार, 3 डिसेंबर

आज जागतिक दिव्यांग दिन. शाळेत कार्यक्रम झाला. सरपंच आले, केंद्रप्रमुख आले, लेकरांना गुलाबाचं फूल आणि खाऊ मिळाला. माझी लेक पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बसून शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती. सेरेब्रल पाल्सीमुळे तिच्या हाताची बोटं पुरती उघडत नाहीत, म्हणून तिच्या टाळीचा आवाज येत नाही, पण ती थांबत नाही. मला बरं वाटलं. अशा दिवशी गावातली माणसं तिच्याशी बोलतात. एरवी तिच्याबद्दल विचारायचं असलं तरी ती समोर असताना मलाच विचारतात.

घरी आल्यावर वर्गात काय झालं ते विचारलं. ती चौथीत आहे. एकेक शब्द तोंडातून यायला वेळ लागतो, तेवढा वेळ थांबावं लागतं. "गणित," म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "मले नाही इचारलं."

रविवारच्या पालक गटाच्या बैठकीत हेच मांडायचं मी ठरवलं आहे. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या शाळांत ज्यांची लेकरं विशेष गरजांची आहेत, असे आम्ही पालक एकत्र आलो तेव्हापासून आमचा बहुतेक वेळ कागदांत गेला. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, शिबिरातली मोजमापं, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता. एकेका सहीसाठी एसटीने जिल्ह्याला जायचं आणि "डॉक्टर आज नाहीत" ऐकून परत यायचं. हे सगळं लागतंच, उद्याही लागणार. पण खुर्ची लेकराला वर्गाच्या दारापर्यंत नेते. दाराच्या आत त्याला कोण, काय आणि कसं शिकवणार, हे आमच्या एवढ्या जाडजूड फायलीत एकाही कागदावर नाही.

शनिवार, दुपार

शनिवारी शाळा सकाळची. आज पहाटे शेतात धुकं होतं, कपाशीची बोंडं ओली, वेचणारणीसुद्धा उशिराच निघाल्या. अशा थंडीत सात वाजता प्रार्थनेला मैदानावर उभं राहणं आमच्या गटातल्या एका मुलाला परवडत नाही. तो सातवीत आहे. त्याला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलेला.

विदर्भात हा आजार घरोघरी ऐकलेला, तरी शाळेत गेल्यावर कुणाला आठवत नाही. थंडी, कमी पाणी, ताप, जास्त दमणूक यांतलं काहीही झालं की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत असह्य कळा सुरू होतात. बाहेरून पाहणाऱ्याला लेकरू धडधाकट दिसतं. त्याला सारखं पाणी प्यावं लागतं, आणि या आजारात मूत्रपिंडावरही परिणाम होत असल्यामुळे लघवीलाही वारंवार जावं लागतं. तो तासाला दोनदा उठला की वर्गात हसायचे, आणि सरांना वाटायचं तो अभ्यास टाळतो.

1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, त्यात सिकलसेल नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 झाले, त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. हे त्याच्या आईला गटात कळलं. मग आम्ही बसून वर्गशिक्षकांसाठी एक पान लिहिलं. पाण्याची बाटली बाकावर राहील. बाहेर जायला विचारावं लागू नये. थंडीत गणवेशावर स्वेटर आणि कानटोपी चालेल. पीटीला धावायला लावू नये, त्याला गुण मोजायला बसवावं. कळा सुरू झाल्या तर अमुक नंबरवर फोन. आठवडाभर आला नाही तर वह्या शेजारच्या मुलाबरोबर घरी पाठवाव्यात.

सरांनी ते पान वाचलं, आणखी एकदा वाचलं आणि म्हणाले, "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." आज त्यांनी त्याला प्रार्थनेच्या वेळी वर्गात बसवून हजेरीचं काम दिलं. त्याच्या आईचा फोन आला तेव्हा तिला बोलताच येईना. मलाही.

एका पानाने एवढं होतं.

रविवार, रात्री

आत्ता बैठकीहून आले. लिहून ठेवते, नाहीतर उद्या वेचणीच्या गडबडीत निम्मं विसरेन.

पूर्वी बैठक तालुक्याला सकाळी अकराला व्हायची. यायचे ते नोकरीवाले. ज्यांची मजुरी बुडते त्यांनी अकरा वाजता कसं यावं? आता केंद्राच्या गावी समाजमंदिरात बसतो, संध्याकाळी, कापूस मोजून चुकारा झाल्यावर. कोणी डबा आणतं, लेकरं सतरंजीवर लोळतात. स्वमग्न मुलगा आहे एक, त्याला गर्दीचा आवाज सहन होत नाही. तो आणि त्याचे बाबा ओट्यावर बसतात, आम्ही दार उघडं ठेवतो आणि बोलताना मधूनमधून त्यांच्याकडे पाहून बोलतो.

आज सुरुवात गवंडीकाम करणाऱ्या भाऊंनी केली. त्यांचा मुलगा दुसऱ्या गावच्या शाळेत आहे, तरी परवा ते आमच्या शाळेत येऊन टेप लावून गेले. जोतं दीड फूट उंच आहे आणि रॅम्प जेमतेम साडेपाच फूट लांब. भाऊंनी खडूने फरशीवर काढून दाखवलं. चाकाच्या खुर्चीसाठी नियम एकास बाराचा, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट हवेत. एवढी जागा समोर नाही, तर मध्ये सपाट टप्पा देऊन रॅम्प भिंतीकडे वळवायचा, कडेला कठडा घ्यायचा. आज माझ्या लेकीला वर चढवायला दोन पोरं मागून ढकलतात, आणि उतरताना एकाला समोरून खुर्ची अडवून धरावी लागते. कागदावर मात्र शाळेला रॅम्प आहे, तपासणीच्या तक्त्यात 'होय'वर खूण आहे. त्या 'होय'चा मला फार राग येतो.

"मजुरी नाही घेत म्या," भाऊ म्हणाले, "गिट्टी-सिमेंटचं तेवढं शाळेनं पाहावं."

शाळेने कसं पाहायचं, याचीही वाट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला. वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते, आणि 2012 च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात दिव्यांग मुलंही त्या गटात आली. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. मग आमच्यातलं कोणीतरी त्या समितीत असलंच पाहिजे, आणि रॅम्प, कमोडचं संडास, कठडा हे त्या आराखड्यात लिहिलेलं असलंच पाहिजे. आमच्या शाळेत माझं नाव द्यायचं ठरलं. बाकीच्या गावांतही नावं निघाली, दोन ठिकाणी बायकांनी स्वतःहून हात वर केला.

मग मी माझं बोलले. लेकीचं "मले नाही इचारलं" सांगितलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या घरी हेच आहे. पटावर नाव, पोषण आहाराच्या ताटलीत खिचडी, आणि फळ्यावर जे चाललंय ते दुसऱ्यांसाठी.

विशेष शिक्षिका मॅडम आल्या होत्या. रविवार असून आल्या, हे लिहून ठेवलं पाहिजे. त्यांनी फुलस्केप कागदावर चार रकाने आखून दिले: आज काय येतं, मार्चपर्यंत काय यावं, कोण शिकवणार, आलं की नाही ते कसं पाहणार. याला वैयक्तिक शिक्षण आराखडा म्हणतात आणि तो दर लेकराचा वेगळा असतो. मॅडम म्हणाल्या, पहिला रकाना तुम्ही भरा, तो माझ्यापेक्षा तुम्हाला नीट भरता येईल.

आणि तिथेच सगळे अडले. आजवर आम्ही जिथे गेलो तिथे आमच्या लेकरांना काय येत नाही, हेच सांगावं लागलं. टक्के त्याचेच मिळतात. 40 च्या खाली गेलं तर लाभ नाही, म्हणून डॉक्टरसमोर बसल्यावर लेकराचं उणं तेवढं सांगायची जिभेला सवय लागली आहे.

तांड्यावरचे एक बाबा पुढ्यात कागद घेऊन बसून राहिले. मुलगा अकरा वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, शाळेत मराठी. "त्याले काई येत नाही जी," म्हणाले.

शेजारी एक आजी होती. आई-बाप नसलेल्या नातवाला सांभाळते. तिने विचारलं, "तुमच्या बकऱ्या कोन चारते?"

"तोच चारते."

"अन् एखादी मांगं राह्यली तं?"

"तं जाऊन घेऊन येते ना तो. कोनची राह्यली तेबी सांगते."

"मंग लिवा ना बावा. मोजता येते पोराले!"

मॅडमनी तिथल्या तिथे त्यांच्या कागदावर लिहिलं: कळपातली कमी असलेली बकरी ओळखतो, वाट लक्षात ठेवतो, जनावर आजारी असलं तर सांगतो. आणि दुसऱ्या रकान्यात: मार्चपर्यंत वीसपर्यंत वस्तू मोजून अंक लिहील, सुरुवात बकऱ्यांच्या चित्रांपासून. ते बाबा कागद उलटसुलट करून पाहत राहिले. त्यांना वाचता येत नाही. मॅडमकडून त्यांनी ते पुन्हा वाचून घेतलं.

त्यानंतर बैठकीत जीव आला. गंमत अशी की आपल्या लेकराचं कोणाला सुचेना, दुसऱ्याचं भराभर सुचत होतं. ओट्यावरचा तो मुलगा एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणतो, हे त्याच्या बाबांना काही विशेष वाटतच नव्हतं. कानाने अधू असलेल्या मुलीच्या आईने सांगितलं की श्रवणयंत्र कोठीत पडलं आहे, कारण कान मोठा झाला आणि कानातला साचा आता बसत नाही, शिटी वाजते. म्हणजे तिच्या कागदावर सगळ्यात आधी नवा साचा, मग बाकीचं. माझ्या लेकीसाठी गवंडी भाऊंनी सांगितलं, "ते डोळ्यानं उत्तर देते, म्या पाह्यलं." खरं आहे. दोन कार्डं समोर धरली की बरोबर उत्तराकडे बघते. अंकगणित तोंडी विचारायचंच कशाला?

किराणा दुकानवाल्या ताईंना त्यांच्या मुलाबाबत एका शाळेत सांगण्यात आलं की आठवीनंतर आमची जबाबदारी नाही. शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंत आहे, पण 2016 च्या कायद्यात 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या लेकराला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. कलम 31. हे अर्जात लिहून द्यायचं ठरलं.

एका मॅडमच्या वाट्याला किती शाळा याव्यात, हेही निघालं. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला 10 विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या वर्गांना 15 मागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. आमच्या मॅडम पंधरवड्यातून एकदा येतात आणि तेवढ्यात सगळं बसवतात. त्यांच्यावर ओरडून काही होणार नाही. पदांसाठीचं निवेदन गटाच्या नावाने जाईल.

उठता उठता आजीने विचारलं, "सगळं खरं, पन माह्या मांगं याचं कोन पाहीन?" नातवाला 18 पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालक नेमता येतो, राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती आहे, तिथे अर्ज करायचा, हे मी सांगितलं. पण तिचा प्रश्न त्या अर्जाने सुटणारा नाही, हे मला बोलतानाच कळत होतं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अनाथ दिव्यांग लेकरं सांभाळणारे शंकरबाबा पापळकर हेच तर इतकी वर्षं ओरडून सांगत आहेत, की 18 नंतर या लेकरांना बाहेर काढू नका. त्यांना 2024 ला पद्मश्री मिळाली. त्यांनी वाढवलेली दृष्टिहीन माला त्याच वर्षी एमपीएससी पास झाली, ते आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "तिले शिकोलं म्हून झालं ना." आणि नातवाचा कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

मंगळवार

आज शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी आधी सांगितलं की असा नमुना वरून आलेला नाही. मी म्हटलं, सर, वरून येईल तेव्हा येईल, हा आम्ही खालून आणलाय. त्यांनी वर्गशिक्षिकेला बोलावलं. बाई तरुण आहेत, एकट्या दोन वर्ग सांभाळतात. त्यांनी पहिला रकाना वाचला आणि विचारलं, "डोळ्यांनी उत्तर देते म्हणजे कसं?" मी फळ्याजवळ लेकीला नेलं, दोन पाट्यांवर 12 आणि 15 लिहिलं आणि सात अधिक पाच किती ते विचारलं. लेकीने 12 कडे पाहिलं. बाईंनी पाट्यांची जागा बदलली आणि स्वतः विचारलं. तिने पुन्हा 12 कडे पाहिलं. मग बाईंनी आणखी विचारलं, आणि आणखी. मधली सुट्टी होऊन गेली.

तिसऱ्या रकान्यात बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं. गणिताच्या तासाला रोज तीन प्रश्न तिला, पाट्यांवर. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने पाट्या धरायच्या. सही केली, मुख्याध्यापकांचीही घेतली. रॅम्पचा विषय समितीच्या पुढच्या सभेत घेणार आहेत, तसं लेखी मागितलं आहे, अजून मिळालं नाही. शुक्रवारी पुन्हा विचारेन.

तांड्यावरच्या बाबांबरोबर त्यांच्या शाळेत कोणी जायचं ते राहिलं होतं, गवंडी भाऊ जाणार आहेत. आजीच्या नातवासाठी मी. पुढची बैठक संक्रांत झाल्यावर, तुरी सवंगायला लागण्याच्या आधी, आणि प्रत्येकाने सहीचा कागद घेऊन यायचा आहे.