प्रार्थनेतल्या एका ओळीपाशी

केनियातल्या मोंबासात आम्ही राहतो तिथून जवळच केंगेलेनी नावाचा चौक आहे. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. चौकात खरोखरच एक जुनी घंटा आहे आणि किनाऱ्याला गुलामांची गलबते दिसली की ती वाजवून लोकांना सावध करीत असत, असे इथली जुनी माणसे सांगतात. घंटेभोवतीच्या वस्तीचे नाव फ्रेरेटाउन. मुंबई इलाख्याचे एकेकाळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने, गुलामगिरीतून सोडवलेल्या लोकांसाठी ती १८७५ च्या सुमारास वसली. तिथे सुरुवातीला येऊन राहिलेल्यांत आपल्या नाशिकच्या शरणपुरात वाढलेली आफ्रिकी माणसे होती, हे मला इथे आल्यावर कळले. समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या मुलांना शरणपुरात आणून लिहायला-वाचायला आणि हातचा धंदा शिकवीत असत. शरणपूर उभारणारे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनीच पुढे इकडे येऊन फ्रेरेटाउन वसवले. आफ्रिकेच्या आतल्या भागात मरण पावलेले संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा देह सहकाऱ्यांबरोबर किनाऱ्यापर्यंत आणणारा आणि १८७४ मध्ये लंडनला त्यांच्या दफनविधीस हजर राहिलेला जेकब वेनराइट हाही शरणपूरचाच विद्यार्थी.

शरणपूर रोडवरून मी लहानपणापासून किती वेळा गेले असेन, याची गणतीच नाही. पण या मुलांची गोष्ट मला घरी किंवा शाळेत कोणी सांगितली नव्हती. केंगेलेनीच्या चौकातून जाताना त्यांची आठवण येते, ती इतिहासापेक्षा वेगळ्या कारणाने. ज्यांना आईबाप, गाव आणि भाषा काहीच उरले नव्हते, त्यांनी शरणपुरात जे ऐकले ते समुद्रापार जाताना आपल्याबरोबर नेले. तिथली मंडळी आणि चर्चची इमारत मागेच राहिली. बरोबर जे गेले, ते ज्याने त्याने स्वतः धरलेले होते. मी तीन वर्षांपूर्वी यजमानांच्या नोकरीमुळे इथे आले, तेव्हा मी स्वतः धरलेले असे काय बरोबर आणले होते, हा प्रश्न मला त्या घंटेपाशीच पहिल्यांदा पडला.

आमच्या घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना होत असे. पप्पा शास्त्रपाठ वाचत, आई ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे एखादे गीत सुरू करी आणि मग पप्पा प्रार्थना करीत. आम्ही भावंडे शेवटी आमेन म्हणत असू. रविवारची उपासना, गायनमंडळ, दृढीकरणाच्या, म्हणजे आपली श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वेळी पाठ केलेली प्रश्नोत्तरे, नाताळच्या आदल्या रात्रीची गाणी, यांत काहीही खोटे नव्हते आणि त्याबद्दल मी आजही देवाचे उपकार मानते. पण आता मागे वळून पाहताना जाणवते की, देव हा मुख्यतः पप्पांच्या ओळखीचा होता. पप्पांच्या ओळखीवर मी त्याच्या घरी जात-येत होते. इथे आल्यावर पप्पा नव्हते आणि मराठी उपासनाही नव्हती. इथल्या मंडळीने आमचे फार प्रेमाने स्वागत केले. तरी इंग्रजी उपासनेत मी नीटनेटकी वाक्ये म्हणून घरी परत येई आणि आपण कोणाशी काही बोललो आहोत, असे मुळीच वाटत नसे.

पहाटेची अजान झाली की इथे मला जाग येते. त्या वेळी नाशिकला साडेसात वाजून गेलेले असतात आणि आईचा चहा झालेला असतो. पहिल्या वर्षी एके दिवशी, घराच्या आठवणीने झोप लागेना म्हणून, मी गॅलरीत बसून मोठ्याने आणि मराठीत प्रार्थना केली. पहिल्याच वाक्याला मी थबकले, कारण तोंडून शब्द आला ‘तू’. आमच्याकडे पप्पांना ‘तुम्ही’ म्हणतात. त्यांच्यासमोर आवाज चढवायचा नाही आणि मागायचे ते आईकरवी मागायचे, अशी रीत. आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण स्वर्गातल्या पित्याला म्हणतो, ‘तुझे नाव’, ‘तुझे राज्य’, ‘तुझी इच्छा’. हाक बापाला मारायची आणि बोलायचे मात्र आईशी बोलावे तसे, ही जवळीक आपल्या भाषेने आपल्याला आयती दिली आहे. हजारो वेळा म्हणूनही ती माझ्या कानावरून गेली होती. इंग्रजीतून मराठीत परत आले तेव्हा ती ऐकू आली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक म्हणत आणि ख्रिस्ताला ते माउली म्हणत. ते कवीचे बोलणे आहे, असे मी समजत होते. त्या पहाटे मला ते अगदी साधे आणि खरे वाटले. आणखी एक गोष्ट इथे लिहावीशी वाटते. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. काही वर्षांनी, स्वतःच्या मनाची खात्री झाल्यावरच त्यांनी तो घेतला. नवऱ्याची श्रद्धा त्यांनी उसनी घेतली नाही, याचे मोल मला आता कळते.

तेव्हापासून रोज पहाटे अर्धा तास मी गॅलरीत बसते. एक स्तोत्र वाचते, मोठ्याने वाचते आणि जे मनात असेल ते बोलते. स्तोत्रकर्ता देवाला ‘कुठवर’ असे विचारतो, तक्रार करतो, रागावतो, आणि ते सगळे पवित्र शास्त्रात ठेवलेले आहे. मग मी कशाला सजवून बोलू? पुष्कळ दिवस काहीच जाणवत नाही. पहिले काही महिने मला वाटे की, असे कोरडे दिवस म्हणजे आपले काहीतरी चुकते आहे. आता मी जाणवण्याच्या मागे लागत नाही. बसायचे ते बसतेच.

मात्र एका जागी माझी प्रार्थना नेमाने अडत असे. माझ्या धाकट्या भावाला दुकानासाठी मी चार लाख रुपये दिले होते. ते बुडाले. पैशांपेक्षा, त्याने वर्षभर फोन उचलला नाही, याचा राग मोठा होता. आम्ही दोन वर्षे बोललो नव्हतो. देवाशी मी सगळ्याविषयी बोले. त्याच्याविषयी बोलत नसे.

शेजारच्या वयस्कर बाईंना आम्ही इथल्या रीतीप्रमाणे मामा म्हणतो. मराठी कानाला ते सुरुवातीला फार विचित्र वाटले. त्या मला स्वाहिली शिकवतात आणि वाचायला त्यांचे जुने, पाने सुटलेले पवित्र शास्त्र देतात. एका दुपारी आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचत होतो. ‘बाबा येतु’, आमच्या पित्या, इथे मी हसले, कारण बाबा तर आपलाच शब्द वाटला. बाराव्या वचनाशी आल्यावर त्यांनी ओळीखाली बोट धरून सावकाश वाचले, ‘उतुसामेहे देनी झेतु.’ मला ऐकू आले ते ‘देणी’. मी अर्थ विचारला, तर त्यांनी टेबलावरची किराण्याची वही उचलून उधारीच्या आकड्यांवर बोट ठेवले. देनी म्हणजे देणे, कर्ज. आपल्या मराठी शास्त्रातही तिथे ऋणच आहे. जसे आम्ही आपल्या ऋणींस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. ऋण हा शब्द मला नेहमी देवळातला वाटत आला होता. वहीवरचे ते बोट पाहिल्यावर तो चार लाख रुपयांचा झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या ओळीपुढे जाऊ शकले नाही. मग मत्तयाचाच पाचवा अध्याय काढला, जिथे प्रभू सांगतो की, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. हे वचन मला पाठ होते, पण त्या दिवशी ते नीट वाचले. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तिथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे आहे. मी स्वतःला सावकार समजून बसले होते. त्याच्या मनात काय असेल, असे स्वतःला विचारल्याबरोबर मला आठवले की, शेवटच्या भेटीत मी त्याच्या बायकोसमोर आणि मुलासमोर त्याला लबाड म्हटले होते. दोन वर्षे मी पैशांचा हिशोब ठेवला होता, या शब्दाचा ठेवला नव्हता. देवाशी जवळीक वाढावी म्हणून मी रोज उठत होते, आणि जवळ आल्यावर त्याने मला हे दाखवले. मला वाटले होते, जवळ गेले की आधी समाधान मिळेल.

मी त्या सकाळी फोन केला नाही. आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत मी देवापुढे पुष्कळ सबबी मांडल्या. त्याही मराठीत, ‘तू’ म्हणूनच. नवव्या दिवशी नाशिकला दुकान उघडण्याची वेळ साधून मी फोन लावला. त्याने लगेच उचलला. मागे शटर वर सरकवल्याचा आवाज आला. मी पैशांचे काही बोलले नाही. त्या दिवशी मुलासमोर जे बोलले, ते चुकले, एवढेच म्हणाले. बराच वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, “ताई, तिकडे पाऊस सुरू झाला का गं?”

पाऊस सुरू झाला होता. मी त्याला सांगितले की, समुद्राकडून येतो, गॅलरीतली खुर्ची भिजवून जातो, आणि पहाटे मला आत बसावे लागते.