लेगिंग्ज घरी ठेवा, सैल पायजमा शिवून घ्या

दिवाळी आटोपली की माझ्याकडे प्रवासाची कापडं यायला लागतात. कुणी इजिप्तला निघालेली असते, कुणी व्हिएतनाम-कंबोडियाला, कुणाचा मुलगा अबू धाबीत असतो आणि आई पहिल्यांदाच त्याच्याकडे जाणार असते. नारायण पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी शिवणकाम करते आणि यांतल्या काही देशांत स्वतः हिंडून आले आहे, त्यामुळे माप देता देता प्रश्न येतातच. ‘ताई, तिकडे अंग झाकून राहावं लागतं म्हणे, आणि ऊन तर मरणाचं. जीव नकोसा होईल ना हो?’

नाही होणार. कापड आणि शिवण नीट असेल तर उन्हात पूर्ण बाहीच बरी वाटते. पण हे सगळं माप घेताना सांगायला सवड नसते, म्हणून इथे लिहून ठेवते.

एप्रिलमधल्या दुपारी कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभं राहून बघा. पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि दुचाकीवरच्या मुली स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून सज्ज असतात. सासवडकडे खुरपणीला बसलेल्या बायकांनी साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो, डोक्यावर पदर नाहीतर टॉवेल. त्यांना कुठल्या देवळाचा किंवा मशिदीचा नियम लागू नाही. दिवसभर उन्हात असलेल्या बाईला मान आणि दंड उघडे टाकणं परवडत नाही, म्हणून त्या झाकून घेतात.

१९८० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास छापून आला होता. वाळवंटातले बेदुइन लोक भर उन्हात काळे झगे का घालतात, हा त्याचा विषय. काळं कापड जास्त तापतं हे खरंच. पण झगा ढगळ असतो, त्यामुळे ती जास्तीची उष्णता आतल्या हलत्या हवेबरोबर निघून जाते, अंगापर्यंत पोचत नाही. झगा काळा असो की पांढरा, माणसाच्या अंगाला लागणारी उष्णता सारखीच निघाली. मला त्यात रंगापेक्षा घेर महत्त्वाचा वाटतो. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळायला जागा असली की ती खालून शिरते, तापते आणि गळ्यातून, बाह्यांतून धुराड्यासारखी वर निघून जाते.

म्हणूनच मी लेगिंग्जच्या विरोधात आहे. आपल्याकडे कुर्त्याखाली लेगिंग्ज इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की बॅग भरताना हात आपोआप तिकडेच जातो. पण पोटरीला घट्ट बसलेल्या लायक्रामिश्रित कापडातून हवा फिरत नाही, गुडघ्यामागे घाम साठून राहतो आणि दिवसभर चाललात की मांड्यांवर पुरळ उठतं. शिवाय नेमक्या त्याच देवळा-मशिदीच्या दारात अडतात. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये काय चालत नाही याच्या यादीत बिनबाह्यांचे आणि आरपार दिसणारे कपडे, आखूड किंवा फाटक्या पँट यांच्या जोडीला घट्ट पँटही आहे. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत बायकांचे कपडे घोट्यापर्यंत, सैल आणि आरपार न दिसणारे हवेत, डोकं झाकलेलं हवं. पाय झाकले आहेत की, असं म्हणून तिथे भागत नाही.

‘उष्ण देश’ असं म्हणताना आपण दोन वेगळ्या हवा एकत्र करतो, आणि कापड चुकतं ते तिथेच. इजिप्तमधलं लक्झर, अस्वान, तसंच जॉर्डन इथलं ऊन आपल्या पुण्याच्या उन्हाच्या जातीचं, कोरडं. घाम आला की उडून जातो. अशा हवेत जरा घट्ट विणीचं सुती कापड, मनगटापर्यंत बाही आणि गळ्याला मान झाकेल अशी पट्टी, हे उत्तम. बँकॉक, सिएम रीप, कोलंबो, सिंगापूर म्हणजे मे महिन्यातलं कोकण. तिथे घाम उडतच नाही, कापड ओलं झालं की ओलंच राहतं. जाड खादी कितीही आवडती असली तरी तिकडे नेऊ नका. रात्री धुतलेली सकाळी ओली हातात येते. पातळ, विरळ विणीचं, भरपूर घेराचं कापड घ्या, बाही कोपराच्या खाली चार बोटं पुरे. मात्र अगदी आखूड नको, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

सुती कापड दमट हवेतली ओल धरून ठेवतं, नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून पॉलिस्टरचा क्रेप झटपट वाळतो, पण घाम शोषत नाही आणि पाठीला चिकटतो. रेयॉन हातात गार आणि मऊ लागतं, त्याला कुर्त्यासाठी मी नाही म्हणत नाही. फक्त ओलं झालं की ते जड होतं आणि धागा कमजोर पडतो, म्हणून पायजम्यासाठी टाळते. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी कडेचा धागा काढून काडीपेटीने पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक गोळी धरते. रेयॉनही कागदासारखंच जळतं, तेवढं लक्षात ठेवा. तिथे बोटांनी चुरगाळून आणि ओलं करून बघण्यावाचून उपाय नाही.

पांढऱ्या मलमलीचा मोह सगळ्यांना होतो. मलाही ती फार आवडते. पण साधा पातळ पांढरा सुती टी-शर्टसुद्धा उन्हापासून फारसं वाचवत नाही. त्याचा यूपीएफ, म्हणजे कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा, साधारण ५ ते ७ च भरतो आणि भिजल्यावर आणखी उतरतो. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग आत येतो, यावरून फरक कळेल. विरळ मलमल त्याच वाटेची. रविवार पेठेत कापडगंजात गेलात तर ठाण उलगडून दुकानाच्या दाराशी, उजेडाकडे धरा आणि मागे आपला हात ठेवा. बोटं वेगवेगळी मोजता आली तर त्याचा दुपट्टा करा, कुर्ता नको. बोटांची नुसती सावली दिसली तर कुर्ता शिवा. कॅम्ब्रिक हे दाट विणीचं सुती कापड या परीक्षेत सहसा पास होतं. निळीतलं अजरख, गडद ठशांचं कापड तर फारच छान; गडद रंग किरणं जास्त अडवतो आणि प्रवासातले डागही पोटात घेतो.

आता शिवण. तयार कुर्ते घेणाऱ्यांनीही हे वाचा, म्हणजे ट्रायल रूममध्ये काय बघायचं ते कळेल. मी प्रवासाच्या कुर्त्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, नेहमीपेक्षा पाऊण इंच सैल ठेवते आणि काखेत त्याच कापडाचा चौकोनी तुकडा जोडते. हात वर करून बसमधल्या फळीवर बॅग ठेवताना मग कुर्ता वर चढत नाही, पोट-कंबर उघडी पडत नाही आणि घामाने शिवण उसवत नाही. बाजूचे कट कमरेपासून सुरू न करता तीन इंच खाली घेते. पायजम्याचं आसन, म्हणजे दोन पाय जोडतात तो भाग, खोल ठेवते, म्हणजे देवळाच्या उंच पायऱ्या चढताना ओढ बसत नाही. मोहरी, म्हणजे पायजम्याच्या पायाची खालची रुंदी, आठ-नऊ इंच. त्याहून मोठी केली तर ती उंटावर बसताना गुडघ्यापर्यंत सरकते. पलाझो आणि स्कर्ट वाळवंटातल्या सफरीत त्याच कारणाने त्रास देतात. कमरेला नाडी आणि पाठीमागे थोडं इलॅस्टिक, कारण प्रवासात पोट रोज वेगळं असतं. डाव्या बाजूला आतून चेनचा खिसा, पासपोर्ट मावेल एवढा. आणि आतून गुडघ्यापर्यंत सुती होजिअरीची सैल पँट. मांड्या घासून सोलवटल्या की पुढचे दोन दिवस चालणं म्हणजे शिक्षा होते. हे कुणी कुणाला मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून मी सांगते.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी बिनबाह्यांचे कुर्ते शिवायला घेऊन आली. कंबोडियातल्या अंगकोरची प्राचीन देवळं बघायला निघाली होती.

‘काकू, बाह्या नकोच. स्टोल आहे ना माझ्याकडे, तो टाकेन खांद्यावर.’

‘अगं, तिथे वरच्या मजल्यावर स्टोल चालत नाही. बाही शिवलेलीच लागते.’

‘खरंच? मग कोपरापर्यंत करा.’

२०१६ पासून अंगकोरमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असण्याचा नियम कडक केला आहे, बायकांना तसाच पुरुषांनाही. अंगकोर वाटचा सगळ्यात वरचा भाग, बाकान, तिथे तर वरून पांघरलेली ओढणी धरत नाहीत. एवढा खर्च करून गेलेली बाई त्या उभ्या जिन्याच्या पायथ्याशी थांबते तेव्हा वाईट वाटतं. आणि दोन बाह्यांना लागतं ते पाव-अर्धा मीटर कापड.

मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत केस, मनगटं, घोटे झाकलेले हवेत. मुस्लिमेतर पाहुण्यांना सकाळीच सोडतात, शुक्रवारी नाही. तिथे जाणार असाल तर अडीच मीटरचा सुती दुपट्टा घ्या. शिफॉन, जॉर्जेट डोक्यावरून सटकत राहतं, सारखा हात तिकडे जातो आणि बघण्यातलं लक्ष उडतं. मलमल केसांवर बसते ती बसतेच. तोच दुपट्टा विमानात पांघरायला, बाजारात नाकावर घ्यायला, कुठे अचानक देऊळ लागलं तर कमरेला गुंडाळायला. बालीत देवळात शिरताना सारोंग आणि कमरपट्टा लागतो. तो बहुतेक ठिकाणी दारातच मिळतो, त्यासाठी बॅगेत जागा अडवू नका.

श्रीलंका, थायलंड, म्यानमारला जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. कलमकारीत बुद्धाचा चेहरा छापलेले कुर्ते आपल्याकडे खूप चालतात. दिसतात सुंदर, यात वाद नाही. पण या देशांत बुद्धाची प्रतिमा अंगावर मिरवणं अपमानाचं मानतात. २०१४ मध्ये दंडावर बुद्ध गोंदलेल्या एका ब्रिटिश पर्यटक बाईला श्रीलंकेने परत पाठवलं होतं. तो कुर्ता इथेच घाला, एकादशीला घाला, लग्नाला घाला, तिकडे नको.

दुसऱ्या टोकाचे सल्लेही मला आवडत नाहीत. कुठल्या तरी मावशीने घाबरवलेलं असतं की अरब देशात पाय ठेवला की बुरखाच घ्यावा लागतो. सौदीने २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू केला तेव्हाच परदेशी बायकांना अबाया, म्हणजे तिकडचा पायघोळ झगा, सक्तीचा ठेवला नाही. सभ्य, सैल कपडे पुरतात. कर्नाक किंवा पेट्रासारख्या प्राचीन वास्तूंत तर कपड्यांचा नियमच नाही. तिथे पूर्ण बाही घाला ती उन्हासाठी. मशिदीत डोकं बायकांनीच झाकायचं, हे सगळ्यांना रुचतं असं नाही, आणि ज्यांना रुचत नाही त्यांनी बाहेरून बघावं, त्यात गैर काहीच नाही. आत जायचं ठरवलं असेल तर मात्र त्यांच्या घरच्या रीतीने जावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या गाभाऱ्यात सोवळं पाळावं ही अपेक्षा आपणही करतोच.

आठ-दहा दिवसांना तीन कुर्ते, दोन पायजमे, दोन दुपट्टे भरपूर झाले. डिसेंबरात इजिप्तला जात असाल तर पहाटेसाठी एक लोकरीचं काहीतरी असू द्या. लक्झरला दुपारी ऊन आणि पहाटे चांगलीच थंडी असते. फरशी तापलेली असते अशा ठिकाणी चपला काढाव्या लागतात, तिथे चालत असतील तर पातळ सुती मोजे.

कापड आणताना अडीच मीटर कुर्त्याचं आणि सव्वादोन पायजम्याचं आणा, आणि आणण्याआधी रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून आणा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. निघायच्या निदान तीन आठवडे आधी या. शिवून झालं की तोच जोड घालून, पाठीला सॅक लावून, भर दुपारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून उतरा. काखेत ओढ बसली, आसन टोचलं, दुपट्टा सटकला तर तसंच मला येऊन सांगा. उसवून परत करून द्यायला वेळ असतो.