घड्याळ उरणला सुरू करायचं

ठाणे-नवी मुंबईतली सगळी लोकल आणि मेट्रो स्टेशनं एका फेरीत, कमीत कमी वेळात करायची असतील तर ठाण्याहून निघू नका, उरणहून निघा. एवढ्या एका ओळीपर्यंत यायला मी आणि माझ्या भाच्याने बरीच वही भरवली आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते. कारणं आता सावकाश.

मी घणसोलीत राहते आणि आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. भाचा अकरावीत आहे. त्याला लहानपणापासून गाड्यांचं वेड, मला नकाशांचं. लंडनच्या अंडरग्राउंडची सगळी स्टेशनं एका दिवसात करण्याची शर्यत असते, हे त्यानेच मला सांगितलं. लोक ती १९५९ सालापासून करतायत. २०१५ मध्ये अँडी जेम्स आणि स्टीव्ह विल्सन या दोघांनी तेव्हाची २७० स्टेशनं १५ तास ४५ मिनिटं ३८ सेकंदांत केली. न्यूयॉर्कमध्ये १९६६-६७ साली एमआयटीच्या पीटर सॅमसनने मित्रांना घेऊन हाच उद्योग केला आणि मार्ग ठरवायला चक्क कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र असायचं तेव्हाची गोष्ट! आपल्याकडे दिल्लीत शशांक मनू यांनी एप्रिल २०२१ मध्ये मेट्रोची २८६ स्टेशनं १५ तास २२ मिनिटांत केली.

हे वाचल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, आपल्याकडे कुणी केलंय का गं?" मी म्हटलं, आधी कागदावर तर करू.

पहिलं काम म्हणजे काय मोजायचं ते ठरवणं. अख्खं मुंबई उपनगरी जाळं घेतलं तर कर्जत, कसारा, डहाणूपर्यंत पळावं लागेल, ते आमच्या आवाक्यातलं नाही. आम्ही खाडीच्या अलीकडचं जाळं घेतलं. ठाणे ते वाशी आणि पनवेल ही ट्रान्स-हार्बर, वाशी ते पनवेल हा हार्बरचा तुकडा, उरणची लाइन आणि बेलापूर-पेंधर मेट्रो. न्यूयॉर्कवाल्यांनी या खेळाचे तीन वर्ग केलेत. एकात सगळे रूळ पालथे घालायचे, दुसऱ्यात प्रत्येक स्टेशनवर थांबायचं, तिसऱ्यात नुसतं प्रत्येक स्टेशनातून जायचं. आम्ही दुसरा घेतला. गाडी त्या स्टेशनवर थांबली पाहिजे आणि आपण गाडीत असलो पाहिजे. पहिली गाडी हलली की घड्याळ सुरू, शेवटच्या स्टेशनवर फलाटाला पाय लागला की बंद. मध्ये चालणं, पळणं, एनएमएमटी (नवी मुंबईची बस), एसटी चालेल. रिक्षा आणि ओला-उबर बाद. लंडनवालेही खासगी गाडी धरत नाहीत.

आता नकाशा बघा. या जाळ्याला पाच शेंडे आहेत: ठाणे, वाशी, पनवेल, उरण आणि पेंधर. (वाशीच्या पुढे रूळ आहेत, पण आमची हद्द वाशीला संपते.) शेंड्यावर गेलं की आल्या वाटेने मागे फिरावं लागतं. पाचांपैकी एकावर सुरुवात आणि एकावर शेवट केला तर तिथे मागे फिरायची गरज नाही. उरलेल्या तिघांना मात्र आत जाऊन परत यावंच लागतं. गणिती ऑयलरने १७३६ साली कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल करता येतील का?) असंच सोडवलं होतं. ज्या ठिकाणी विषम संख्येने वाटा येऊन मिळतात अशी ठिकाणं दोनपेक्षा जास्त असतील तर कुठलीही वाट दुसऱ्यांदा न तुडवता सगळ्या वाटा पुऱ्या होत नाहीत. मी हे दहावीच्या मुलांना फळ्यावर तुर्भे, सानपाडा, जुईनगर लिहून शिकवते. रोजची स्टेशनं असली की मुलं लगेच मान वर करतात.

मग तीन शेंडे कुठले सोसायचे? वाशीचं उत्तर सोपं. ठाणे-वाशी गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याला थांबून वाशीला जाते. पनवेल-सीएसएमटी गाडी जुईनगर, सानपाडा करत वाशीला येते. म्हणजे वाशीला गाडी बदलली की दोन्ही लाइनी जोडल्या जातात आणि फक्त सानपाडा दोनदा होतं. तुर्भ्याहून थेट जुईनगरला जाणारा रुळाचा तुकडा आपल्याला लागतच नाही. रूळ मोजायचे असते तर त्याच्यासाठी वेगळी खेप पडली असती. पनवेलहून ठाण्याची थेट लोकल दिसली की हात शिवशिवतात, पण ती नेमकी त्याच तुकड्यावरून जाते, सानपाडा आणि वाशी सोडून. तिच्यात चढायचं नाही.

आता उरण. खारकोपरपर्यंतची लाइन २०१८ मध्ये सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ ला गाडी उरणपर्यंत पोचली. वाटेत बामणडोंगरी, खारकोपर, शेमटीखार, न्हावा-शेवा, द्रोणागिरी वगैरे स्टेशनं. एका बाजूला मिठागरं आणि खाडी, दुसरीकडे कंटेनरच्या रांगा. माझी सर्वांत आवडती लाइन आहे ही, पण इथे गाड्या विरळ. हार्बरला एक गाडी चुकली तर आपण पुढचीची वाट बघत चहा घेतो, उरणची चुकली तर घरी फोन करतो. म्हणून उरण मधल्या टप्प्यात ठेवलं तर बेलापूरला नाहीतर नेरूळला ताटकळत बसावं लागणार, आणि परतीच्या गाडीसाठी पुन्हा वेगळं ताटकळणं. उरणला शेवट केला तरी जातानाचं ताटकळणं आहेच. सुरुवातच उरणला केली तर? तिथे कितीही वेळ बसा, घड्याळ सुरूच झालेलं नाही. गाडी हलेल तेव्हा ते हलेल. विरळ गाडीची वाट बघण्यात जाणारा सगळा वेळ हिशेबाबाहेर गेला.

हे सुचलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतकी मी खूश होते. मग भाच्याने लंडनचे मार्ग शोधून दाखवले. तिथले बरेच जण चेशमहून सुरुवात करतात. चेशम म्हणजे लंडनपासून लांब, एकेरी रुळाच्या टोकाचं स्टेशन. आधीच्या स्टेशनपासून सहा किलोमीटरहून जास्त अंतर, आणि तासाला जेमतेम दोन गाड्या. त्यांचं उरणच!

तर मार्ग असा. उरणहून बेलापूरची गाडी. नेरूळची मिळाली तर सीवूड्सला उतरून पनवेलकडची पकडायची आणि एक स्टेशन जायचं, पण तो एक जास्तीचा बदल झाला, म्हणून बेलापूरचीच बरी. बेलापूरहून मेट्रोने पेंधर आणि परत. मग पनवेल. पनवेलहून सीएसएमटी लोकलने वाशी: खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स, नेरूळ, जुईनगर, सानपाडा, सगळी एका दमात. वाशीहून ठाणे गाडी, जी तिथूनच सुटते, त्यामुळे बसायलाही मिळतं. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव आणि ठाण्याला ९ किंवा १० नंबर. सगळं मिळून चार तासांच्या आत बसायला हवं.

खरा घोळ मेट्रोचा आहे, आणि त्याच्यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे. ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ११ स्टेशनं, साधारण ११ किलोमीटर. बेलापूर, आरबीआय कॉलनी, बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, खारघर गाव, सेंट्रल पार्क, पेठपाडा, अमनदूत, पेठाली-तळोजा, पेंधर. शेवटी पेंधर, म्हणजे परत फिरणं आलं. परत येताना बेलापूरपर्यंत यायची गरजच काय, असं भाच्याचं म्हणणं. उत्सव चौकात उतरू, पळत खारघर स्टेशन गाठू आणि तिथूनच पनवेल पकडू. कागदावर हे फार देखणं दिसतं, कारण बेलापूर-खारघर हा तुकडा एकदाच होतो.

म्हणून आम्ही दोघं एका सकाळी ते चालून बघायला गेलो, शिकवणी नसलेल्या दिवशी. मेट्रो उंचावर, त्यामुळे आधी जिने. मग ते गोल खांबांचं वर्तुळ, त्याच्याभोवती स्कूलबस, रिक्षा, भाजीचे टेम्पो, आणि रस्ता ओलांडायला कुणी थांबत नाही. पुढे सायन-पनवेल हायवे आडवा. तो पार करून स्टेशनात शिरायचं, की पुन्हा भुयारी मार्ग आणि फलाटाचा जिना. भाचा पुढे पळाला आणि मी माझ्या चालीने मागून गेले. वेळ पाहिली तर त्याच्या पळण्याला लागलेला वेळ आणि मेट्रोत बसून राहून बेलापूरला जाऊन पनवेल लोकल पकडायला लागणारा वेळ जवळपास सारखा. एखादा मिनिट इकडे, एखादा तिकडे. आणि पळणाऱ्याची गाडी सिग्नलला, टेम्पोला, स्वतःच्या दमाला चुकू शकते, बसलेल्याची नाही. माझं मत बसून राहण्याचं आहे. पेंधर-तळोज्याहून पुढे दिवा-पनवेल लाइनवरचं तळोजा पंचनंद स्टेशन लांब नाही. तिथून पनवेलची गाडी मिळाली तर मागे फिरायची भानगडच मिटेल. पण त्या लाइनवर गाड्या इतक्या तुरळक की सगळा मार्ग त्या एका गाडीभोवती बांधावा लागेल, आणि मग उरणची गाडी त्या वेळेशी जुळत नाही. दोन विरळ गाड्या एका मार्गात घेऊ नयेत, असं मी भाच्याच्या वहीत लाल पेनाने लिहून दिलंय.

बाकी वेळ वाचतो तो डब्याच्या निवडीत. प्रत्येक बदलाच्या स्टेशनवर जिना फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे ते आधी बघून ठेवायचं आणि आदल्या गाडीत त्याच डब्यात उभं राहायचं. बारा डब्यांच्या लोकलमध्ये चुकीच्या टोकाला असाल तर फलाटभर गर्दी कापत जावं लागतं आणि समोरची गाडी निघून जाते. भाच्याने बेलापूर, पनवेल आणि वाशीचे फलाट वहीत डब्यांच्या नंबरासकट काढलेत. इंडिकेटर कुठे लटकतो तेसुद्धा, कारण पनवेलला कुठल्या फलाटावर आधी सुटणारी सीएसएमटी आहे हे जिन्यावरूनच कळलं तर धावता येतं. लोकलसाठी एक दिवसाचं टुरिस्ट तिकीट काढायचं, म्हणजे खिडकीवर पुन्हा उभं राहायला नको. मेट्रोचं तिकीट वेगळं, तेही येण्या-जाण्याचं आधीच.

रविवार बाद. रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवतात तो मेगाब्लॉक हार्बरला असो की ट्रान्स-हार्बरला, आमचा मार्ग दोन्हीवर आहे. पावसाळाही बाद. उरणची अगदी पहिली गाडी नको, कारण मेट्रो सुरू व्हायच्या आत बेलापूरला पोचून उपयोग नाही. आणि वाशी-ठाणे हा टप्पा सकाळच्या ऐन गर्दीनंतर पडला पाहिजे.

घाई एवढ्यासाठी, की यादी बदलत राहते. दिघा गाव स्टेशन उरणच्या दिवशीच, १२ जानेवारी २०२४ ला उघडलं. त्याआधी कुणी ही फेरी केली असती तर आज ती अपुरी ठरली असती. न्यूयॉर्कच्या मॅथ्यू आन यांच्या बाबतीत अगदी हेच झालं. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी विक्रम केला, त्याच सप्टेंबरात हडसन यार्ड्सचं नवं स्टेशन उघडलं. मग २०१६ च्या जुलैमध्ये ते पुन्हा उतरले आणि ४६९ स्टेशनं २१ तास २८ मिनिटांत केली, आधीपेक्षा कमी वेळात. आपल्याकडे तर घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब उभेच आहेत.

भाच्याची सहामाही झाली की दिवाळीच्या सुट्टीतला एखादा कामाचा बुधवार धरायचं ठरलंय. माझी बहीण डबे देणार आहे, कोरडे, गाडीत खाता येतील असे, थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी. तारीख इथेच कळवेन. कुणाला यायचं असेल तर गाडी सुटायच्या अर्धा तास आधी उरणच्या फलाटावर भेटा, आणि उत्सव चौकाच्या वादात कुणाच्या बाजूने आहात ते ठरवून या.