जमिनीखालचे 45 मीटर

तीन देशांचे सिम्युलेटर एका आभासी रणभूमीवर जोडायचा पहिला दिवस. भूप्रदेश मध्य युरोपातला, प्रोटोकॉल, म्हणजे सिम्युलेटरांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, डीआयएस (मानक आयईईई 1278). सकाळची जोडणी सुरळीत झाली. सगळ्यांचे रणगाडे सगळ्यांच्या नकाशावर दिसले आणि तिथंच फसगत झाली, कारण नकाशावर उंची कळत नाही.

दुपारी पहिली चकमक. समोरच्या पथकानं आमच्या रणगाड्यावर चार गोळे डागले. त्यांच्या पडद्यावर चारही लागले, आमच्या रणगाड्याला ओरखडाही नाही. डीआयएसमध्ये नुकसान ठरवतो लक्ष्याचा मालक. मारणारा फक्त डेटोनेशन पीडीयू, म्हणजे स्फोट कुठं झाला ते सांगणारा संदेश, पाठवतो आणि आमचा सिम्युलेटर त्यातल्या जागतिक स्थानावरून हिशेब करतो. लॉगर, म्हणजे संदेशांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, उघडला तर चारही स्फोट आमच्या जमिनीखाली सुमारे 45 मीटरवर.

मग चित्र कसं बरोबर दिसत होतं? दोन्हीकडे ग्राउंड क्लॅम्प चालू होता. बाहेरून आलेलं वाहन हवेत किंवा जमिनीत असलं तरी तो ते चित्रात जमिनीवर टेकवतो. चूक सुटत नाही, झाकली जाते. हेलिकॉप्टरला क्लॅम्प नसतो. त्यांचं हेलिकॉप्टर त्यांच्या लेखी 60 मीटरवर होतं, आमच्याकडे 15 मीटरवर, झाडांच्या आड. त्यांना आम्ही दिसत होतो, आम्हाला ते नाही.

क्लॅम्प बंद करून दोघांनी ठरलेल्या पाच चौकांत एकेक रणगाडा उभा केला. थांबलेलं वाहनही सहसा दर 5 सेकंदांनी आपलं स्थान कळवतं, त्यामुळे नोंदी लगेच मिळाल्या. फरक पाचही ठिकाणी जवळपास तेवढाच. भूभागाचं मॉडेल ओबडधोबड असतं तर तो जागोजागी बदलला असता. सारखा फरक म्हणजे उंचीचा पायाच वेगळा. डीटीईडी, म्हणजे भूभाग बांधायचा उंचीचा डेटा, त्यातली उंची समुद्रसपाटीपासूनची, म्हणजे जिऑइड या सरासरी समुद्रपातळीच्या पृष्ठभागावरची. डीआयएसमधलं स्थान डब्ल्यूजीएस 84 या जागतिक संदर्भप्रणालीप्रमाणे पृथ्वीच्या केंद्रापासूनचं, त्यातून निघते ती इलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरची उंची. त्या भागात दोहोंत 45 मीटरच्या आसपास अंतर पडतं आणि समोरच्यांचा भूभाग बांधताना ते मिळवायचं राहिलं होतं.

भूभाग पुन्हा बांधायला रात्र लागणार, म्हणून तोवर त्यांच्या गेटवेत, म्हणजे संदेश ये-जा करतात त्या दुव्यात, दुरुस्ती: संदेश जाताना 45 मीटर मिळवायचे, येताना वजा करायचे. पहिल्या प्रयत्नात झेडमध्ये सरळ 45 मिळवले गेले. पण पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या या एक्स-वाय-झेड अक्षांत झेड म्हणजे वर नव्हे, उत्तर ध्रुवाची दिशा. 50 अंश अक्षांशावर वाहन सुमारे 34 मीटर वर गेलं आणि 29 मीटर उत्तरेला. रस्त्यावरचा रणगाडा थेट शेतात. आधी अक्षांश-रेखांश-उंचीत आणायचं, उंची बदलायची, मग परत न्यायचं. नुसत्या एन्टिटी स्टेटवर, म्हणजे वाहनाचं स्थान कळवणाऱ्या संदेशावर, भागत नाही. फायर, डेटोनेशन, डेझिग्नेटर (लेझरचा निशाणा), ट्रान्समीटर (रेडिओ), या सगळ्या संदेशांतलं जागतिक स्थान बदलावं लागतं. डेटोनेशनमधल्या लक्ष्यसापेक्ष स्थानाला मात्र हात लावायचा नाही.

संध्याकाळी दीड-दोन मीटर उरले, ते दोघांचा भूभाग ज्या त्रिकोणांच्या जाळ्यांनी बांधलेला होता त्यांतल्या फरकाचे. त्यासाठी क्लॅम्प पुन्हा चालू केला, पण 3 मीटरपेक्षा जास्त ओढावं लागलं तर लॉगमध्ये इशारा पडेल अशा बेतानं.