'तां चेडू' आणि आमच्या शाळेचं गॅदरिंग

आमच्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबरात असतं. तोवर भात झोडून घरात आलेलं असतं, जत्रा सुरू झालेल्या असतात आणि दशावतारी मंडळींकडून पेटी-पखवाज एका रात्रीपुरते मागून आणता येतात. वेंगुर्ल्यापासून थोडं आत, माडांच्या बागा संपून कातळ लागतो तिथे आमची चिऱ्यांची शाळा आहे. मी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकते. परीक्षा तोंडावर असली तरी त्या दोन दिवसांसाठी रात्रीच्या गाडीत बसतेच. चार वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही.

खरं तर जर्मनशी माझी पहिली भेटही याच स्टेजवर झाली. आठवीत असताना सरांनी आम्हा दहा-बाराजणांना दहा-बारा देशांचे नमस्कार वाटून दिले होते. माझ्या वाट्याला 'गुटन आबेन्ट' आलं. छातीला कागद लावायचा, पुढे यायचं, एवढंच बोलायचं आणि मागे जायचं. कार्यक्रम दहा मिनिटांत संपला, पण तो शब्द माझ्या तोंडात कितीतरी दिवस राहिला. विहिरीवर पाणी काढताना, गुरं आणताना मी ते म्हणून बघायची. कुठेतरी हजारो मैलांवर एखादी बाई संध्याकाळी दार उघडून हेच म्हणत असेल, याचं मला विलक्षण वाटायचं. आजही वाटतं.

पुण्याला गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मोठ्या बाई म्हणाल्या, "गो, तुझी भाषा पोरांका थोडी शिकव. दुपारचो अर्धो तास देतंय तुका." मी रात्रभर तयारी केली. सातवीच्या वर्गात फळ्यावर 'देअर, डी, दास' असा तक्ता काढला. तो, ती, ते. मराठीसारखीच तीन लिंगं, त्यामुळे सोपं जाईल असा माझा हिशोब. पण सूर्य त्यांच्याकडे 'ती' आहे म्हटल्यावर पोरं गोंधळली, आणि 'मेट्शेन' म्हणजे मुलगी हा शब्द 'ते' आहे म्हटल्यावर पार गप्प झाली. मी पुस्तकी आवाजात सांगितलं, "हा अपवाद आहे. पाठ करा."

दारात पोषण आहाराच्या काकी टोप घासायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "त्यात पाठ काय करूचा? आपण म्हणणव नाय, तां चेडू इलां? तसांच तां."

मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, आणि तां म्हणजे ते. वर्गात एकदम आवाज फुटला. तां चेडू! दास मेट्शेन! मी खडू हातात धरून उभीच राहिले. लहानपणापासून मी घरात स्वतःला 'तां' म्हणवून घेत आलेली मुलगी, आणि पुण्याच्या वर्गात हाच शब्द मी महिनाभर घोकून पाठ केला होता. पुढे नीट वाचलं तेव्हा कळलं की जर्मनमध्ये मागे 'शेन' लागलं की वस्तू लहान होते, लाडाची होते आणि नपुंसकलिंगी होते. आपलंही तेच नाही का? लेकरू, वासरू, कोकरू, पिल्लू, सगळी 'ते'. मालवणीने त्या रांगेत चेडूही बसवलं. त्या दिवसापासून मी गावात जर्मन मराठीतून शिकवणं सोडलं आणि मालवणीतून शिकवायला लागले. पुण्यातही शनिवारी नवशिक्यांचा वर्ग घेते तेव्हा चेडवाची गोष्ट सांगतेच. घाटावरच्या मुलांना 'तां' समजावून सांगावं लागतं, पण मग 'दास मेट्शेन' कुणी विसरत नाही.

पुढच्या गॅदरिंगला आकड्यांचा खेळ केला. पाचवीच्या मुलांच्या गळ्यात एकेक आकडा, आणि मी जर्मनमध्ये संख्या पुकारली की जोडीनं पुढे यायचं. 'आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश', म्हणजे एक आणि वीस. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात, कारण त्यांना आधी वीस आणि मग एक म्हणायची सवय. आमच्या पोरांना काहीच जड गेलं नाही. एकवीस म्हणजे एक आणि वीसच! सव्वीस म्हणजे सहा आणि वीस, 'झेक्स-उन्ट-त्स्वान्त्सिश'. बत्तीस म्हणजे दोन आणि तीस, 'त्स्वाय-उन्ट-द्रायसिश'. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं तेव्हा राज्यभर वाद झाला होता. जर्मनीतही 'त्स्वान्त्सिश-आइन्स' म्हणावं असा आग्रह धरणारी मंडळी आहेत. माझं म्हणाल तर मला एकवीसच हवं. दोन इतक्या लांबच्या भाषा एकाच वळणानं मोजतात, ते वळण कशाला सरळ करायचं?

वाक्याचंही तसंच आहे. 'वाइल इश नाख हाउझं गेहं', कारण मी घरी जाते. शब्दाखाली शब्द ठेवून बघा, क्रियापद दोन्हीकडे शेवटी येऊन थांबतं. 'वाइल' नसेल तर मात्र ते पळून दुसऱ्या जागेवर जाऊन बसतं, आणि तिथे आम्हालाही मेहनत करावीच लागते.

तिसऱ्या वर्षी एका मुलानं विचारलं, "ताई, वेंगुर्ल्याची वखार जर्मनांची काय?" वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डचांची वखार आहे, जाड भिंतींची, आता भग्न झालेली. डच वेगळे, जर्मन वेगळे, हे मी सांगितलं, पण त्याचा घोटाळा काही उगाच नव्हता. जर्मन लोक आपल्या भाषेला 'डॉइच' म्हणतात. डच आणि डॉइच हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेत. त्या मुळाचा अर्थ 'लोकांची'. लॅटिन ही शिकल्यासवरल्यांची, आणि ही साध्या लोकांची बोली. हे ऐकून तो मुलगा म्हणाला, "म्हंजे त्यांची मालवणीच ती." मी त्याला नाही म्हटलं नाही.

संध्याकाळचं काय सांगू? काळ्या वाटाण्याचं सांबार, घावणे, रसातले शिरवाळे, आयांनी घरून आणलेली सोलकढी. पारितोषिकं, भाषणं, नाच, आणि शेवटी पोरांनी बसवलेलं दशावतारी आख्यान. त्यात संकासुर आला की पहिल्या रांगेतली लहान पोरं अजूनही आईच्या मांडीत तोंड लपवतात.

मला मात्र गेल्या वर्षीची संध्याकाळ वेगळ्याच कारणासाठी लक्षात आहे. पहिल्या रांगेत गावातले एक आजोबा बसले होते. तरुणपणी बोटीवर खलाशी. कोकणातली किती माणसं अशी जगभर फिरून आलीत आणि पडवीत गप्प बसलीत! मुलांनी स्टेजवर 'गुटन आबेन्ट' म्हटलं तसे ते हसले आणि मला हाक मारून म्हणाले, "हॅम्बुर्गाक असा कोण म्हणत नाय गो. थंय म्हणतत, मोइन."

मला 'मोइन' पुस्तकातून माहीत होतं. उत्तर जर्मनीचा नमस्कार, सकाळ-संध्याकाळ कधीही चालणारा. पण ते ज्या तऱ्हेनं म्हणाले, अर्धा श्वास आत ओढून, ओठ नीट न उघडता, तसं मी कधी ऐकलं नव्हतं. मुलं लगेच त्यांच्याभोवती जमली. "मोइन मोइन, आजोबा!" त्यांनी बोट वर केलं. "एकदाच म्हणायचा. दोनदा म्हटल्यार ती लोकां म्हणतत, खूप बडबडता हो."

शाळेचं हस्तलिखित दर वर्षी निघतं आणि त्यात माझं एक पान असतं. त्या वेळी ते पान त्यांचं करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन त्यांच्या पडवीत बसले. ते सांगत होते, मी लिहीत होते. दोर, नांगर, धक्का, पाव, थंडी, पगार. प्रत्येक शब्दामागून बोट कुठे बांधली होती तेही यायचं, आणि धुकं किती होतं तेही. काही शब्दांचे उच्चार माझ्या शब्दकोशाशी जुळत नव्हते. मी ते दुरुस्त केले नाहीत, जसे आले तसे उतरवले. काकींची पाचवीतली मुलगी शेजारी बसून बोटांवर मोजत होती. आजोबा थांबले आणि म्हणाले, "झाले. किती झाले?"

मी वही बघायच्या आत ती म्हणाली, "झेक्स-उन्ट-त्स्वान्त्सिश."