गम सुटला नव्हता, पॅनेल मात्र पडलं

फोनवर एवढंच कळलं होतं: सभागृहाच्या एका भिंतीवरची लॅमिनेटेड पॅनेल रात्रीत खाली आली आहेत, उरलेली कधी येतील याचा नेम नाही, तेव्हा बाजारातला सगळ्यात स्ट्राँग गम कुठला ते सांगा. बांधकामातल्या चिकटद्रव्यांबद्दल सल्ला देणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचाच. मी उत्तर देत नाही. आधी पडलेला माल जागचा हलवू नका म्हणते. बहुतेक ठिकाणी तोवर तो आवरून झालेला असतो आणि पुरावाही त्याच्याबरोबर गेलेला असतो. इथल्या मिस्त्रींनी मात्र कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यांच्या या एका आग्रहामुळे पुढचं सगळं उलगडलं.

एक पॅनेल आम्ही पालथं घातलं. आठ बाय चार फुटांचं, १२ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), पुढून आणि मागून एकेक मिलिमीटरचं लॅमिनेट. वजन साधारण ३५ किलो. पॅनेल बनवणाऱ्याने काम चोख केलं होतं. लॅमिनेट एकाच बाजूला असतं तर बोर्ड हमखास वाकला असता. पाठीवर मात्र दोन वेगळ्या भिंतींची कहाणी दिसत होती. वरच्या अर्ध्या भागात गमच्या रेघा कडक वाळलेल्या, आणि प्रत्येक रेघेवर रंगाचा पातळ पापुद्रा चिकटून आलेला. नखाने खरवडला तर भुकटी. खालच्या भागात रंगाचा कणही नव्हता. तिथला गम अजून पांढराशुभ्र होता आणि बोट लावलं तर बोटाला लागत होता.

"मॅडम, बादली एकच, हात एकच, दिवस एकच," मिस्त्री म्हणाले. "वर वाळला आणि खाली ओला, हे कसं?"

उत्तर भिंतीवर होतं. खालच्या चारेक फुटांना ऑइल पेंटचा पट्टा होता, वर डिस्टेम्पर. ओलं बोट भिंतीवर दोन्हीकडे टेकवून पाहिलं: वर पाणी लगेच शोषलं गेलं, खाली थेंब तसाच राहिला. वापरलेला गम पाण्यावरचा होता. त्यातलं पाणी कुठेतरी निघून गेल्याशिवाय तो वाळत नाही. म्हणून जोडायच्या दोन पृष्ठभागांपैकी निदान एक तरी पाणी पिणारा लागतो. इथे पुढे लॅमिनेटची पाठ आणि मागे ऑइल पेंट. पाणी जाणार कुठे? अशा जागी गम आठवडेच्या आठवडे ओला राहू शकतो. वर डिस्टेम्परने पाणी प्यायलं, गम छान वाळला, घट्ट बसला. पण बसला तो डिस्टेम्परवर, भिंतीवर नव्हे. डिस्टेम्पर स्वतःच खडूसारखं सैल असतं. तळहात घासला की पांढरा होतो.

मग इतके दिवस पॅनेल टिकली कशी, हा पुढचा प्रश्न संस्थेच्या व्यवस्थापकांनी विचारला, आणि तो अगदी योग्य होता. मी विचारलं, काल काय बदललं? काल पहिल्यांदा एसी दिवसभर चालला होता. कोरड्या हवेत पॅनेलची पुढची बाजू ओलावा सोडून आकसते, भिंतीकडची तशीच राहते. मग कडा खोलीच्या बाजूला उचलल्या जातात. लॅमिनेट आणि एमडीएफ हवेतल्या दमटपणाप्रमाणे मीटरमागे एखाददोन मिलिमीटर सहज हलतात. म्हणूनच पॅनेल लावण्याआधी दोन-तीन दिवस त्याच खोलीत उभी करून ठेवायची असतात. इथे ती ट्रकमधून उतरली आणि थेट भिंतीवर गेली.

मला सगळ्यात जास्त समजावून सांगावं लागतं ते इथेच. लोकांना पॅनेलच्या वजनाची भीती वाटते. ३५ किलो वजन सहा उभ्या रेघांवर वाटलं तर चौरस सेंटिमीटरला पंचवीस ग्रॅमसुद्धा येत नाही. कुठलाही बरा गम ते झोपेत पेलेल. भीती कडेची असते. चिकटपट्टी सरळ रेषेत ओढली तर हलत नाही, टोक धरून उचलली की सरसर निघते, तसंच इथे झालं. कड उचलली, सगळा ताण एका बारीक रेषेवर आला, आणि त्या रेषेखाली डिस्टेम्पर होतं. याहून दहापट ताकदीचा गम असता तरी त्याने तोच पापुद्रा थोडा व्यवस्थित उपटला असता, एवढंच.

ठेकेदाराने सोल्युशन सुचवलं, म्हणजे दोन्हीकडे लावून सुकल्यावर दाबायचं ते. सनमायका प्लायवर बसवायला मला ते फार आवडतं. या भिंतीवर नको म्हटलं. भिंतीवर सरळ पट्टी टेकवली तर मध्ये फट दिसेल एवढा खड्डा, आणि सोल्युशनला दोन्ही पृष्ठभाग पूर्ण टेकलेले हवेत. शिवाय एकदा टेकलं की सरकवता येत नाही, आणि बंद सभागृहात त्याची वाफ पेटू शकते. शिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉनही बाद: त्यातलं आम्ल सिमेंटच्या प्लास्टरशी जुळत नाही. इपॉक्सी ताकदवान खरं, पण ताठ. हलणाऱ्या पॅनेलला ताठ गम म्हणजे पुढचं भांडण.

मी लिहून दिलं ते हायब्रिड पॉलिमर या जातीचं चिकटद्रव्य. वाळल्यावर रबरासारखं लवचीक राहतं, पॅनेल हलेल तसं हलतं. ते हवेतल्या ओलाव्याने वाळतं, बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. त्यामुळे सगळीकडे थापायचं नाही. फूटभर अंतराने उभ्या रेघा मारायच्या, म्हणजे मधून हवा खेळते. रेघ दाबून सपाट होऊ नये म्हणून तीन मिलिमीटर जाडीची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमपट्टी. तीच पहिल्या दिवशी पॅनेल धरूनही ठेवते. दोन पॅनेलमध्ये तीन मिलिमीटर फट. डोक्याच्या वरच्या ओळीला गमच्या जोडीला स्क्रूवर बसणाऱ्या पट्ट्या, कारण खाली माणसं बसणार आहेत आणि तिथे मी एकट्या गमवर विसंबत नाही. आणि या सगळ्याच्या आधी डिस्टेम्पर प्लास्टरपर्यंत खरवडून प्रायमर, ऑइल पेंट घासून काढायचा.

व्यवस्थापकांना खरवडण्याचा खर्च जड वाटला. मी वाद घातला नाही. मिस्त्रींना एका चौकोनात डिस्टेम्पर खरवडून प्रायमर मारायला लावलं, शेजारचा तसाच ठेवला. प्रायमर सुकल्यावर त्यांनी दोन्हीकडे लाकडाचे ठोकळे त्याच हायब्रिडने चिकटवले, आणखी एक खिडकीखाली, जिथे भिंत मला जरा गडद वाटत होती. पूर्ण वाळल्यावर ओढा, आणि ठोकळ्यामागे काय निघून येतं ते बघा, म्हटलं.

आठवड्याभराने मिस्त्रींचे फोटो आले. डिस्टेम्परवरचा ठोकळा हाताने निघाला होता, मागे पापुद्रा. खरवडलेल्या जागेवरच्याला पहार लावावी लागली, आणि त्याच्याबरोबर प्लास्टरचा खपला आला. खरवडण्याला त्याच दिवशी होकार मिळाला. खिडकीखालचा मात्र प्रायमरसकट सुटला होता, मागे ओलसर डाग. तिथे प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवायला सांगितलं. सकाळी आतून घाम धरलेला. बाहेरून पाणी झिरपत होतं. तेवढ्या पट्ट्यातली पॅनेल गळती बंद होऊन भिंत सुकेपर्यंत लावायची नाहीत असं ठरलं, आणि बाकीच्या भिंतीचं खरवडकाम सुरू झालं.